वाहनदुरुस्तीतील मृत्यू आणि देशोदेशीचे आकडे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपला आक्षेप असा, की ‘घाऊक व किरकोळ व्यापार आणि वाहनदुरुस्ती’ या गटातील कामावरच्या मृत्यूंचा दर युरोपात बांधकामाच्या मानाने बराच कमी आहे, भारताचे आकडे तर नगण्य आहेत, तेव्हा गॅरेजचे काम जिवावरचे आहे असे लिहून मी छोट्या गॅरेजमालकांना विनाकारण घाबरवतो. मला हे पटत नाही.

त्या गटात कपड्यांच्या दुकानातला विक्रेता, गोदामातला हमाल आणि ट्रकखाली झोपून काम करणारा मेकॅनिक असे सगळेच मोजले गेले आहेत. दुकानांत काम करणाऱ्यांची संख्या अफाट असल्यामुळे मेकॅनिकची जोखीम सरासरीत बुडून जाते. त्यात गट पाडण्याची आणि मृत्यू मोजण्याची पद्धत देशागणिक बदलते, त्यामुळे आकड्यांची थेट तुलना होत नाही. अमेरिकेत वाहनविक्री किरकोळ व्यापारात आणि दुरुस्ती ‘इतर सेवां’मध्ये मोडते. शिवाय तिथे कामानिमित्त रस्त्यावर झालेले अपघाती मृत्यू आणि कामाच्या जागी झालेले खूनही धरतात, तर ब्रिटनच्या मुख्य आकडेवारीतून रस्ते अपघात वगळलेले असतात.

भारताचा आकडा लहान दिसतो, कारण तो प्रामुख्याने नोंदणीकृत कारखान्यांतून येतो. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेला कारखाना अधिनियम, 1948 दुरुस्तीलाही उत्पादन प्रक्रिया मानत असे, पण मूळ तरतुदीनुसार विजेवर काम चालणाऱ्या जागेत किमान 10 कामगार असले, तरच तो लागू होत असे. महामार्गावरच्या टायरच्या दुकानात एक उस्ताद आणि हाताखाली दोन पोरे असतात. तिथे कोणी दगावले, तर पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद होते. कारखान्यांच्या तक्त्यात तो मृत्यू येत नाही.

आणि तो ओढवतो कसा, हेही पाहावे. ट्रकच्या टायरमध्ये 100 पीएसआयच्या (हवेचा दाब मोजण्याचे एकक) आसपास हवा भरतात. लॉक रिंग, म्हणजे टायर चाकावर अडकवून धरणारी लोखंडी कडी, गंजलेली असेल किंवा खाचेत नीट बसली नसेल, तर ती सुटते आणि समोर वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर किंवा छातीवर आदळते. चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळी लावून, रिंगेच्या मार्गातून बाजूला उभे राहून हवा भरली, तर हा मृत्यू टळू शकतो. अमेरिकेत अशा चाकांसाठी 1980 पासून तसा नियमच आहे. टिपरची ट्रॉली उचलून टेकू न देता, किंवा गाडी नुसत्या जॅकवर ठेवून, घोडी (गाडी तोलून धरणारा पक्का आधार) न लावता खाली शिरणे हेही तितकेच घातक. छोट्या गॅरेजमालकांबद्दलची आपली कळकळ मला समजते. पण अशा बहुतेक ठिकाणी गाडीखाली मालक स्वतःच शिरलेला असतो, आणि मी लिहिले ते त्याच्यासाठीही आहे.