सोनं निघालं तिथली माणसं

गडचिरोलीतल्या सूरजागडच्या लोहखनिजाचा विषय निघाला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं: "खनिज डोंगरात नुसतं पडून राहिलं तर आदिवासींचं काय भलं होणार?" प्रश्न खोटा नाही. मी मूळची चंद्रपूरची. १९८२ साली गडचिरोली आमच्या जिल्ह्यातून वेगळा झाला, आणि एटापल्ली-भामरागडकडे धड रस्ता नाही, दवाखाना नाही, हे ऐकतच आमची पिढी वाढली. तिथल्या पोरांना काम नको, असं म्हणायची माझी प्राज्ञा नाही. पण डलॉनेगाचा इतिहास नीट समजून घेतल्यापासून त्या वाक्यावर मला गप्प बसवत नाही.

डलॉनेगा हे अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं, अपालाचियन डोंगरांच्या पायथ्याचं गाव. अटलांटाच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर. भारतातून आईवडील आले की आम्ही मराठी मंडळी त्यांना तिकडे नेतोच. मधोमध चौक, चौकात १८३६ साली बांधलेली विटांची जुनी कोर्टाची इमारत आणि आता तिच्यात सोन्याचं संग्रहालय. ऑक्टोबरात इथे गोल्ड रशच्या, म्हणजे सोन्यासाठी उडालेल्या झुंबडीच्या, नावानं जत्रा भरते. विद्यापीठाच्या एका इमारतीच्या मनोऱ्याला सोन्याचा वर्ख लावलेला आहे; ती इमारत उभी आहे सरकारी टांकसाळीच्या जुन्या पायावर.

पर्यटकांना वाळू धुऊन सोनं शोधू देतात. पसरट भांड्यात वाळू घ्यायची, भांडं पाण्यात तिरपं धरून गोल हलवत राहायचं. हलकी वाळू पाण्याबरोबर निघून जाते, जड काळी वाळू तळाशी राहते, आणि नशीब असेल तर तिच्या कडेला मोहरीहून बारीक पिवळा कण चमकतो. आपल्याकडे झारेकरी सोनारपेठेतली माती धुऊन पोट भरत आले, तेच हे काम. मुलं हरखून जातात, आजी-आजोबाही वाकून बघतात. गाव खरंच देखणं आहे, आणि आपला जुना चौक, जुनी इमारत या लोकांनी ज्या मायेनं जपली आहे ती पाहून मला आपल्या पडत चाललेल्या वाड्यांची हळहळ वाटते.

पण हे सोनं होतं कुणाच्या जमिनीत? १८२८-२९ च्या सुमारास ते सापडलं तेव्हा हा सगळा मुलूख चेरोकींचा, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूळ रहिवासी जमातीचा होता. त्यांच्याकडे त्यांच्यातल्याच सीक्वोयानं घडवलेली स्वतःची लिपी होती, १८२७ ची लिखित राज्यघटना होती, १८२८ पासून स्वतःचं वृत्तपत्र निघत होतं. सोन्याची बातमी पसरली आणि हजारो खाणवाले घुसले. जॉर्जियानं कायदा करून चेरोकींना त्यांच्याच जमिनीतलं सोनं खणायला बंदी घातली. १८३२ साली त्यांच्या जमिनीचे तुकडे पाडून लॉटरी काढली. सोन्याच्या पट्ट्यात चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे होते. गोऱ्या माणसांनी चिठ्ठ्या उचलल्या. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं चेरोकींच्या मुलुखात जॉर्जियाचे कायदे चालणार नाहीत असा निकाल दिला. निकाल कागदावर राहिला.

१८३५ च्या डिसेंबरात मूठभर चेरोकींच्या सह्या घेऊन जमीन सोडून पश्चिमेला जाण्याचा तह उरकला. चेरोकींचे प्रमुख जॉन रॉस यांनी हजारो सह्यांचा विरोध वॉशिंग्टनला नेला, तरी सिनेटनं तह मान्य केला. १८३८ च्या वसंतात डलॉनेगाच्या टांकसाळीत पहिली नाणी पडली, आणि त्याच उन्हाळ्यात सैनिकांनी चेरोकींना घरांतून काढून छावण्यांत कोंडलं. सुमारे सोळा हजार माणसं पश्चिमेला हाकलली गेली. त्यांतली चार हजारांच्या आसपास दगावली, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

मी राहते ती फोर्साइथ काउंटी १८३२ मध्ये याच मुलुखातून कापून काढली. म्हणजे आमची गणपतीची आरती, दिवाळीचा फराळ, मुलांची मराठी शाळा, सगळं याच जमिनीवर चालतं. हे कळल्यावर नुसतं "जुनं आहे" म्हणून पुढे जाता आलं नाही.

१८३८ चा जॉर्जिया आणि आजचं गडचिरोली एक नव्हे, हे मला चांगलं कळतं. आज संविधान आहे, आदिवासी भागांत ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा आहे, २००६ चा वनहक्क कायदा आहे. लेखा-मेंढा याच जिल्ह्यातलं. २००९ मध्ये त्या गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून गावानं बांबू स्वतः विकला. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा तिकडच्या शेंबड्या पोरालाही पाठ असते. नक्षली हिंसेत तिथल्या माणसांनी जे भोगलं तेही मी विसरलेले नाही. रस्ता आणि रोजगार यांची आस तिथूनच येते.

पण कायदा असणं आणि तो वेळेवर पाळला जाणं यांत केवढं अंतर पडू शकतं, ते चेरोकींच्या निकालानं दाखवलं आहे. म्हणून मला २०२२ च्या वनसंवर्धन नियमांची धास्ती वाटली. खाणीसाठी जंगल देताना केंद्राची मंजुरी आधी आणि वनहक्कांची, ग्रामसभेच्या संमतीची खातरजमा नंतर राज्यानं करायची, अशी वाट त्यांनी मोकळी केली. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगानंही यावर आक्षेप घेतला होता. मंजुरी हातात पडल्यावर विचारलेल्या प्रश्नाला गावानं "नाही" म्हणायचं तरी कसं?

उलट क्रमानं काय घडतं तेही आपल्या देशानं पाहिलंय. ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साइटबाबत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्णय ग्रामसभांवर सोपवला. बारा गावांत सभा झाल्या आणि बाराही गावांनी खाण नाकारली. तो निकाल टिकला, कारण खणायच्या आधी गावाला विचारलं होतं.

तेव्हा आमच्या ग्रुपवरच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: त्यांचं भलं कशात आहे हे तिथल्या माडिया आदिवासींना त्यांच्या गावात, त्यांच्या भाषेत, यंत्रं डोंगरावर चढायच्या आधी विचारा. आणि त्यांनी "हो" म्हटलं तर किती नोकऱ्या, कोणत्या हुद्द्यांवर, किती वर्षांसाठी, हे लिहून ग्रामसभेच्या दप्तरात ठेवा.