‘मन जपायला वेळ कुठे आहे?’ या दाव्याचा प्रतिवाद

डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरणाऱ्या एका संदेशाचा आशय असा आहे: ओपीडीत शंभर रुग्ण रांगेत असताना मन जपत बसायला वेळ नसतो, चिडलेल्या नातेवाइकाला समजून घेणे म्हणजे आपली चूक कबूल करणे, आणि अशांना आवरायला कायदा व सुरक्षारक्षक पुरेसे आहेत. त्यामागचा थकवा खरा आहे. निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

आधी वेळेचा मुद्दा. बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ साली अमेरिकेतील ७४ भेटींच्या ध्वनिमुद्रणांतून दाखवले की रुग्ण बोलू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांतच डॉक्टर त्याला मध्येच तोडत. न तोडता बोलू दिल्यास रुग्ण किती वेळ घेतो, हे स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे ३३५ रुग्णांवर पाहिले गेले, तेव्हा सरासरी भरली ९२ सेकंद, आणि चारांपैकी तिघांहून अधिक रुग्ण दोन मिनिटांच्या आत थांबले. आपल्या ओपीडीत दीड मिनिटही महाग आहे, हे मान्यच. पण अर्धवट ऐकलेला रुग्ण दारातून मागे वळून ‘डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं’ म्हणतो आणि नेमकी तीच मूळ तक्रार निघते, तेव्हा वाचवलेला वेळ व्याजासकट जातो.

चूक कबूल करण्याची भीती तर अगदीच अनाठायी आहे. कॅज्युअल्टीबाहेर ‘दोन तास झाले, कुणी बघत नाही’ म्हणून ओरडणाऱ्या मुलाला ‘तुम्ही इतका वेळ ताटकळलात, आत काय चाललंय ते कुणी सांगितलं नाही, राग येणारच, वडिलांना ऑक्सिजन लावलाय, रक्ताचा रिपोर्ट आला की मी स्वतः सांगायला येतो’ असे म्हणण्यात उपचारांतील चुकीची कबुली कुठे आहे? अर्थात, मग खरोखर जाऊन सांगावे लागते, नाहीतर हे सौजन्य उलटते.

राहिला कायदा. रुग्णालयातील हिंसेला तीन वर्षांपर्यंत कैद सांगणारा महाराष्ट्राचा कायदा २०१० चा आहे, तरीही मार्च २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला गंभीर मारहाण झालीच. शस्त्र घेऊन किंवा दारू पिऊन अंगावर येणाऱ्यापुढे समजुतीचे शब्द चालत नाहीत. तिथे सुरक्षारक्षकच हवा, आणि तो प्रत्येक पाळीत हजर असावा ही मागणी रास्तच आहे. मात्र बाहेर वाट पाहणाऱ्याला आतली खबर देणे हे त्या रक्षकाचे काम नव्हे.