फुलोऱ्यावर मध्यरात्री एकदाच पाणी मारण्याबाबत खुलासा

‘थंडीची लाट आली की मध्यरात्री पंपाने संत्र्याच्या फुलोऱ्यावर एकदा पाणी मारा, आंबिया बहार (हिवाळ्याच्या अखेरीस येणारा फुलोरा) वाचतो,’ असा संदेश नागपूर जिल्ह्यातील काटोल-नरखेडकडील बागायतदारांमध्ये फिरत आहे. तो अर्धवट असून नुकसानकारकही ठरू शकतो.

पाणी गोठताना दर ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर पडते आणि थंड प्रदेशांत तुषार सिंचनाने फुले वाचवतात ती याच उष्णतेच्या जोरावर, हे खरे. मात्र तेथे तुषार संच बर्फ वितळू लागेपर्यंत अखंड चालू ठेवावे लागतात. एकदाच मारलेले पाणी कोरड्या हवेत वाफ होऊन उडू लागले, तर ते ग्रॅममागे जवळपास ६०० कॅलरी शोषून घेते, म्हणजे ओली पाकळी उलट अधिक गारठते. रात्रीच्या विजेचा भरवसा आपल्याकडे कोण देणार, हा प्रश्न वेगळाच.

नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत घसरला होता. अशा निरभ्र, वारा पडलेल्या रात्रीची शक्यता दिसताच आदल्या दिवशीच बागेला हलके ओलित करावे. ओली, तणविरहित जमीन दिवसाची ऊब साठवून रात्री सोडते. लहान कलमांवरील कापड पानांना टेकू न देता जमिनीपर्यंत सोडावे आणि ऊन चढल्यावर काढावे.