तीनचाकी एटीव्हीच्या टायरात 20 पौंड हवा भरू नका

‘होंडाची जुनी तीनचाकी एटीव्ही मुळातच सदोष, म्हणून अमेरिकेत बंदी आली. कुणाकडे असेल तर टायर कडक करा, रिक्षाचा डिफरन्शियल बसवा, नाहीतर भंगारात द्या, पार्ट मिळत नाहीत.’ हा मेसेज मला आठवड्यात चौघांनी पाठवला. कुर्ल्याच्या गाळ्यात माझी एटीसी 110, म्हणजे होंडाची तसलीच चिखलात, कच्च्या वाटेवर चालणारी तीनचाकी, उभी आहे, म्हणून उत्तर देतोय.

बंदीचं आधी. 1988 साली अमेरिकी सरकार आणि कंपन्यांमध्ये कोर्टात समझोता झाला आणि नव्या तीनचाकींची विक्री थांबली. लोकांच्या घरच्या गाड्या परत मागवल्या नाहीत. अपघात झाले, त्यात लहान मुलंही गेली, हे खरंच आहे. म्हणूनच असले सल्ले फिरताना बघून जीव तुटतो.

टायर कडक करणं सगळ्यांत घातक. 110 ला सस्पेन्शनच नाही. ते काम फुगे टायर करतात. त्यांना हवा लागते फक्त 2.2 पौंड. पेट्रोल पंपावरच्या गेजचा काटा तेवढ्यावर हलतही नाही, कमी दाबाचा वेगळा गेज घ्यावा लागतो. मी कॉम्प्रेसर लावतच नाही, सायकलच्या पंपाने भरतो. अंगठा दाबला की टायर आत गेला पाहिजे. 20 पौंडांवर तोच टायर चेंडूसारखा उसळतो, आणि पुढचं एकुलतं चाक हवेत असताना हँडल कितीही वळवा, उपयोग नाही. मागच्या दोन्ही टायरांचा घेरही शिंप्याच्या टेपने मोजा. फरक असला तर गाडी एका बाजूला ओढते, कारण मागचा एक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, अखंड आहे आणि दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात.

तो अखंड आहे म्हणूनच चिखलात एक चाक अधांतरी असलं तरी दुसरं गाडी बाहेर काढतं. डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, टाकलात तर अधांतरी चाकच गरगर फिरत बसेल. वळताना अंग आत झुकवायचं आणि भार बाहेरच्या फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर, द्यायचा, म्हणजे आतलं चाक घसरत वळतं. मोटरसायकलच्या सवयीने पाय खाली टेकवलात तर मागचं टायर पोटरीवर चढतं. नव्या माणसाला हे आधी शिकवा.

पार्टांचं म्हणाल तर प्लास्टिक खरंच दुर्मीळ. पण बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन मुंबईतला बेअरिंग-हार्डवेअरचा बाजार, नागदेवी स्ट्रीट, गाठा. गेल्या पावसाळ्यात माझ्या एक्सलचं ऑइल सील फाटलं, ब्रेकच्या ड्रममध्ये चिखल गेला. जुनं सील खिशात घालून गेलो. दुकानदाराने व्हर्निअर लावून आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजली, आणि मागच्या फळीवरून तेच सील काढून दिलं.