पदवी पुरे, हिशेब कशाला?

तुमच्या हातात बिझनेसची पदवी आहे, किंवा लवकरच पडणार आहे. अभिनंदन. आता कुणीतरी हितचिंतक भेटेल आणि म्हणेल, "जोडीला अकाउंटिंगचा एखादा व्यावसायिक कोर्स करून टाक, दोन्ही असलेलं बरं." त्याचं अजिबात ऐकू नका. कंपन्यांची घडी फार विचारपूर्वक बसलेली आहे. निर्णय घेणाऱ्याला आकडे कळत नाहीत आणि ज्याला आकडे कळतात त्याला कुणी विचारत नाही. त्यामुळे धंदा बुडाला की दोघंही निर्दोष सुटतात. एवढी सोय तुम्ही एका सर्टिफिकेटपायी मोडणार?

पदवीने तुम्हाला काय कमी दिलं आहे? मार्केटिंगचे चार पी आहेत: प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. बलस्थानं, उणिवा, संधी, धोके अशा स्वॉटच्या चार चौकटी आहेत. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीच्या आणखी चार चौकटी आहेत, त्यात दुभती गाय, कुत्रा वगैरे प्राणिमात्र नांदतात. या विद्येत आकडा सहसा चारच्या पुढे जात नाही. 1979 साली हार्वर्डच्या मायकेल पोर्टर यांनी धंद्यातल्या स्पर्धेच्या पाच शक्ती मांडल्या, त्या एका जादा शक्तीचं कौतुक अजून ओसरलेलं नाही. शिवाय हे सगळं कुठल्याही धंद्याला लावता येतं, आणि ज्या धंद्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही त्याला तर फारच सुबक बसतं.

याउलट अकाउंटिंग बघा. लुका पाचोली नावाच्या इटालियन संन्यासी गणितज्ञाने 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंदीची पद्धत मांडली. तीही त्याने शोधलेली नव्हती, तिथले व्यापारी आधीपासून वापरतच होते. तेव्हापासून आजतागायत तेच चालू आहे: एक नावे, एक जमा, दोन्हींची बेरीज सारखी. पाचशे वर्षांत काडीचं नावीन्य नाही. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीने हिशेबात थोडी सर्जनशीलता आणायचा प्रयत्न केला, तर 2001 साली दिवाळखोरीच निघाली. असल्या कोत्या क्षेत्रात तुमच्यासारख्या 'व्हिजन' असलेल्या माणसाचं काय काम?

तरीही गेलातच, तर काय होईल ते ऐका. ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाकींचा तक्ता, जुळणार नाही. फरक असेल फक्त 90 चा. पदवीच्या वर्गात 90 ला कुणी विचारत नाही, तिथे 'साधारण' या शब्दात कोट्यवधी मावतात. इथे मात्र शिकवणारी बाई तुमच्या कागदाकडे नुसती नजर टाकेल आणि म्हणेल, "नऊने भाग जातोय का बघा. जातोय ना? मग कुठेतरी आकडे उलटे पडलेत." तुम्ही संध्याकाळभर लेजरमध्ये, म्हणजे खातेवहीत, बोट फिरवत बसाल आणि शेवटी सापडेल: 450 च्या जागी 540. तुमच्याच अक्षरात! स्ट्रॅटेजीच्या तासाला हीच चूक झाली असती, तर सर म्हणाले असते, "वेगळा दृष्टिकोन आहे, आवडला."

बरं, जुळलं म्हणजे सुटलात असंही नाही. ट्रायल बॅलन्स जुळूनही चुकीचा असू शकतो, हे ही मंडळी आवर्जून शिकवतात. दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या खात्यात गेला, एखादा व्यवहार दोन्हीकडून लिहायचाच राहिला, तरी दोन्ही बाजू गोऱ्यामोऱ्या न होता सारख्याच दिसतात. एकदा हे डोक्यात शिरलं की माणूस कशावरच विश्वास ठेवेनासा होतो. जुळलेल्या गोष्टीवर तर मुळीच नाही.

आणि मग मीटिंग. पडद्यावर विक्रीची रेघ वर चाललेली, सगळे माना डोलावताहेत, आणि तुमच्या तोंडून निघून जातं, "पण यातली वसुली किती दिवसांनी होते?" संपलं. कारण उधारीवर विकलेला मालही विक्रीतच धरतात, पुस्तकात नफा दिसतो आणि पगाराच्या दिवशी बँकेत खडखडाट असतो, हे आता तुम्हाला ठाऊक झालेलं असतं. खोलीत कुणाला माहीत नसतं असं नाही, फक्त कुणी बोलत नसतं. पुढच्या मीटिंगचं आमंत्रण तुम्हाला येणार नाही. ईमेल कुठेतरी अडकला असेल, असं सांगतील.

एवढं सांगूनही प्रवेश घ्यायचाच असेल, तर निदान पद्धतशीर नुकसान करून घ्या. अकाउंटिंगच्या अनेक संस्था आधीच्या शिक्षणावर काही पेपरांची सूट देतात. ती कुठल्या पदवीला, कुठल्या विषयाला, किती जुन्या निकालाला मिळते, हे चुकूनही आधी विचारू नका. फी भरा, मग विचारा. तोच कॉस्टिंगचा पेपर पुन्हा देण्यात वेगळी गोडी आहे. आणि बऱ्याच ठिकाणी नुसत्या परीक्षा पुरत नाहीत, कुणाच्या तरी देखरेखीखाली केलेल्या कामाचा अनुभवही दाखवावा लागतो. ही अट शेवटचा निकाल लागल्यावरच वाचावी. नोकरी करताकरता हे अभ्यासक्रम करता येतात आणि दिवसा केलेलं काम रात्रीच्या पेपरात उपयोगी पडतं, असं काही जण सांगतात. अशा लोकांशी संबंध ठेवू नयेत.

मुलाखतीत तर दोन्ही कागद एकदम काढूच नका. समोरचा गोंधळतो. "म्हणजे तुम्हाला मॅनेजर व्हायचंय की अकाउंट्सला बसायचंय?" या प्रश्नाला "दोन्ही कळलं तर चालेल का?" असं उत्तर देणारा उमेदवार उद्धट समजला जातो. तेव्हा सर्टिफिकेट बायोडेटाच्या तळाशी, छंदांच्या रकान्यात, पोहणे आणि वाचन यांच्या मधोमध लिहा. फक्त मुलाखत घेणाऱ्यांत फायनान्सचा माणूस नाही ना, एवढं बघून घ्या. त्या लोकांना कागद तळापासून वाचायची खोड असते.