हँक विल्यम्सला संदर्भ हवा

विकिपीडियावर आवडत्या गायकाबद्दल लिहायची हुक्की येते, तेव्हा सर्वात मोठी अडचण असते ती आवडच. 'अजरामर', 'अवीट', 'काळजाला हात घालणारा' हे शब्द पहिल्याच परिच्छेदात आपण हौसेने पेरतो आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी ते तणासारखे उपटून टाकतं. बदलांच्या आढाव्यात दोनच शब्द: 'स्तुतिसुमने काढली.' वाईट वाटतं, पण काढणाऱ्याचं बरोबर असतं. अमेरिकन कंट्री गायक हँक विल्यम्सचं गाणं ऐकून माझ्या घशात आवंढा येतो, याला विश्वकोशात जागा नाही. आवंढ्याला पृष्ठ क्रमांक नसतो.

मराठी विकिपीडियाची परिभाषा मात्र झकास आहे. सरावाच्या पानाला धूळपाटी, गप्पांच्या जागेला चावडी आणि आपोआप कामं उरकणाऱ्या बॉटला सांगकाम्या. लेख आधी धूळपाटीवर रचावा. थेट मुख्य जागेत अर्धवट टाकला, तर आपण चहा टाकून परत येईपर्यंत त्याच्या डोक्यावर 'हे पान काढून टाका' अशी पाटी, म्हणजे पानकाढा साचा, लागलेला असू शकतो.

पहिला अडथळा भाषेचा. इंग्रजी लेख यंत्राकडे देऊन मराठी करून घ्यायचा मोह होतो. यंत्र 'कंट्री सिंगर'चं निःशंकपणे 'देश गायक' करतं. वाचणाऱ्याला वाटावं, बुवा रात्रीच्या दुसऱ्या प्रहरी राग देश आळवत असत. स्टील गिटारची 'पोलादी गिटार' होते, एकाच गाण्यासाठी काढलेल्या 'सिंगल' तबकडीचं 'अविवाहित' होतं आणि रेकॉर्ड प्रकाशित व्हायच्या ऐवजी तिची 'सुटका' होते, जणू येरवड्याहून. 'कंट्री'ला 'ग्रामीण संगीत' किंवा 'लोकसंगीत' म्हणण्याचे प्रयत्नही नेमाने होतात. कंट्री हे कंट्रीच ठेवावं. जॅझला कुणी मराठी नाव मागत नाही.

मग नाव. अलाबामातल्या माउंट ऑलिव्हला १७ सप्टेंबर १९२३ रोजी जन्म, इथवर सगळे एकमताने येतात. मूळ नाव हायरम. पण जन्माच्या दाखल्यावर ते चुकीच्या स्पेलिंगने चढलंय, एक जादा 'आय' घालून. आता एक पंथ म्हणतो, सरकारी कागदावर आहे तेच खरं. दुसरा म्हणतो, कारकुनाच्या चुकीला विश्वकोशाने मान का द्यायचा? सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चुकलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ही बाजू चटकन पटेल. तोडगा असा की मजकुरात हायरम लिहावं, दाखल्यातली चूक तळटीपेत द्यावी आणि चर्चापानावर आठ-दहा दिवस फिरकू नये.

खरं घोडं पेंड खातं ते 'क्रमांक एक'पाशी. हँकची किती गाणी पहिल्या क्रमांकावर गेली? कुठे ११ सापडतात, कुठे १२. दोन्हीकडे सज्जन माणसं आहेत. भानगड अशी की अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकात तेव्हा या संगीतातल्या लोकप्रिय गाण्यांची एकच यादी नसायची. दुकानांत कुठल्या तबकड्या खपल्या त्याची एक, हॉटेलातल्या ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून लोकांनी काय ऐकलं त्याची दुसरी, आणि १९४९ च्या डिसेंबरपासून रेडिओच्या निवेदकांनी काय वाजवलं त्याची तिसरी. सगळं एका यादीत आलं ते थेट ऑक्टोबर १९५८ मध्ये. तोवर हँकला जाऊन पाच वर्षं उलटली होती. तेव्हा एकच गाणं ज्यूकबॉक्सवर पहिलं आणि दुकानात दुसरं असू शकतं, आणि ते पहिलं धरायचं की नाही हे मोजणाऱ्याच्या दिलदारपणावर ठरतं. म्हणून नुसतं 'पहिल्या क्रमांकावर' कधी लिहू नये. कुठल्या यादीत, कुठल्या अंकात, तेही लिहावं.

याहून बहारदार प्रकार 'लव्हसिक ब्लूज'चा. हे गाणं मे १९४९ मध्ये वर पोहोचलं आणि १६ आठवडे तिथे ठाण मांडून बसलं. तेव्हा त्या यादीच्या नावात 'फोक' होतं. २५ जून १९४९ च्या अंकात बिलबोर्डने ते काढून 'कंट्री अँड वेस्टर्न' ठेवलं. म्हणजे गाणं चढलं फोकच्या यादीत आणि उतरलं कंट्रीच्या यादीतून, जागेवरून न हलता. तुम्ही हे नीट लिहिता आणि कुणीतरी भला माणूस 'फोक'चं 'कंट्री' करून 'चूक दुरुस्त केली' असं नोंदवून जातो. त्याच्या मागोमाग दुसरा येतो, गाणं हँकनेच रचलं असं घालतो. रचलं होतं क्लिफ फ्रेंड आणि अर्व्हिंग मिल्स यांनी, १९२२ मध्ये. तेव्हा हँकचा जन्मही झाला नव्हता.

जुने बिलबोर्ड गूगल बुक्सवर स्कॅन केलेले आहेत, ही मोठी सोय. पण यंत्राने ते बारीक छपाईतले आकडे वाचलेले असतात रातांधळ्यासारखे, त्यामुळे शोधपेटीवर विसंबू नये, पान उघडून डोळ्यांनी पाहावं. अंकाची तारीख आणि यादीवर छापलेली आठवडाअखेरची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी असतात. संदर्भात अंकाची द्यावी. आणि स्वतः वीस अंक चाळून बेरीज केली, तर ती आपल्या वहीत ठेवावी. विश्वकोशात ते 'मूळ संशोधन' ठरतं आणि इथे त्यासारखी शिवी नाही. त्यासाठी बिलबोर्डच्या याद्यांची जोएल व्हिटबर्न यांनी केलेली संकलनं आहेत, त्यांच्या खांद्यावर बंदूक ठेवावी.

आता वन्स मोअर. ११ जून १९४९ ला नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओवरच्या कंट्री कार्यक्रमात हँक पहिल्यांदा गायला आणि लोकांनी सहा वेळा वन्स मोअर घेतला, असं जिथे तिथे लिहिलेलं आहे. मराठी माणसाचा यावर लगेच विश्वास बसतो, कारण बालगंधर्वांच्या वन्स मोअरची मोजदाद आपण पिढ्यान् पिढ्या अशीच करत आलोय. पण विकिपीडियावर 'असे म्हणतात' लिहिलं की पुढे 'कोण?' अशी खूण चिकटते. दहा संकेतस्थळं पुरावा म्हणून पुढे करावीत, तर दहांचीही वाक्यरचना एकच. सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून उतरवलेलं असतं, आणि ते ठिकाण बरेचदा विकिपीडियाच असतं. आपणच लिहायचं, कुणी ते छापायचं आणि आपण त्याचाच हवाला द्यायचा! तारखा ताडून बघाव्यात. आपल्या लेखातलं वाक्य आधीचं आणि बातमी नंतरची असेल, तर तो संदर्भ बाद.

तबकड्यांची नोंद ठेवणारं डिस्कॉग्ज, चित्रपटांची ठेवणारं आयएमडीबी, थडग्यांचे फोटो जमवणारी स्थळं, सगळी सदस्यांनी भरलेली, म्हणून चालत नाहीत. अल्बमचं वेष्टन 'फिडल कुणी वाजवलं' यासाठी चालतं, 'किती छान वाजवलं' यासाठी नाही. उत्तम म्हणजे चरित्रग्रंथ, पण पृष्ठ क्रमांकासकट. पुठ्ठा बांधणीत जे १४० वर ते कागदी बांधणीत १४० वर असेलच असं नाही, म्हणून आवृत्तीही लिहावी. हवं ते पान पूर्वावलोकनात दिसत नाही, हा निसर्गनियम समजावा.

सगळं जमून आलं की तळटीपेची 'रेफ' ही खूण बंद करताना तिरकी रेघ राहून जाते. पुढचा मजकूर तळटीप गिळून टाकते आणि तिथे लाल अक्षरांत त्रुटी झळकते. घाबरू नये, 'झलक' बघितल्याशिवाय जतन करू नये, एवढंच. खाली संदर्भयादीचा साचाही लावावा.

बापलेकांचा घोळ वेगळाच. मुलगा हँक विल्यम्स ज्युनियर, नातू हँक थर्ड. मुलाला कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' १९८७ आणि १९८८ ला मिळाला, तो दर काही महिन्यांनी बापाच्या खात्यात जमा होतो. मग कुणी सावध माणूस बाप गेला त्या १९५३ नंतरचं सगळं एका फटक्यात उडवतो, आणि त्यात खरंही जातं. बापाच्या जुन्या ध्वनिमुद्रणात मुलाने आपला आवाज मिसळून द्वंद्वगीत केलं आणि त्याला १९९० च्या सोहळ्यात दोघांच्या नावे ग्रॅमी मिळालं. २०१० ची पुलित्झर मंडळाची विशेष नोंदही खरीच. फक्त तिच्यावरून हँकला 'पुलित्झर विजेता' म्हणू नये.

शेवटी मृत्यू. ३१ डिसेंबर १९५२ च्या रात्री नॉक्सव्हिलहून कॅडिलॅक निघाली, ओहायोतल्या कँटनला कार्यक्रम होता. मागच्या सीटवर हँक. १ जानेवारीच्या पहाटे वेस्ट व्हर्जिनियातल्या ओक हिलला चालकाला कळलं की तो गेलाय. वय २९. मधल्या कुठल्या मैलावर गेला, यावर माणसं आजही भांडतात, आणि माहितीचौकटीत मृत्युस्थळाला जागा एका ओळीची. ओक हिल लिहावं, सोबत चार तळटीपा द्याव्यात. दुसऱ्या दिवशी कुणी ते नॉक्सव्हिल करतं, तिसऱ्या दिवशी आपण उलटवतो, चौथ्या दिवशी चर्चापानावर तिसराच सदस्य दोघांनाही सबुरीचा सल्ला देतो. तेवढ्यात सांगकाम्या येतो, तळाशी 'इ.स. १९५३ मधील मृत्यू' हा वर्ग जोडतो आणि चालता होतो. त्याला कुणी संदर्भ मागत नाही.