चहातल्या दुधाने भूक लपते

माग बंद पडले, फाउंड्रीतल्या पाळ्या तुटल्या, की कुणाकडे खायला कमी पडतंय ते बघायला फॉर्म घेऊन माणसं वस्तीत फिरायला लागतात. इचलकरंजी असो की कोल्हापूरचं उद्यमनगर, पहिला प्रश्न ठरलेला: "वहिनी, पोटभर जेवता न्हवं?" उत्तरही ठरलेलं: "खाऊन-पिऊन सुखी हाय की आम्ही." शेजारणी दारात उभ्या असताना ती बाई दुसरं काय सांगणार? हा प्रश्न फॉर्ममधून काढूनच टाका.

त्यापेक्षा मागच्या ७ दिवसांत काय शिजलं ते विचारा. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचा 'फूड कन्झम्प्शन स्कोअर' यासाठीच आहे. भाकरी-भाताला २ गुण, डाळी-कडधान्याला ३, भाजीला १, फळाला १, मटण-मासे-अंड्याला ४, दुधाला ४, तेल आणि साखरेला प्रत्येकी अर्धा. जितके दिवस खाल्लं, तितक्याने गुणायचं.

आता एक घर बघा. भाकरी ७ दिवस, १४ गुण. आमटी एकदाच, ३. भाजी तीनदा, ३. फोडणीचं तेल आणि चहाची साखर रोज, मिळून ७. बेरीज २७. पण चहात चमचाभर दूध पडतं म्हणून फॉर्म भरणाऱ्याने 'दूध, ७ दिवस' लिहिलं की २८ गुण वाढले. झाले ५५! कागदावर ते घर खातंपितं ठरलं आणि मदतीच्या यादीतून गेलं. चहातलं दूध धरायचं नाही. पाहुण्यांकडे वाटीभर पांढरा रस्सा मिळाला, पण त्यात फोड नव्हती, तर मटणाचे ४ गुणही द्यायचे नाहीत.

दुसरी चूक सीमारेषेची. नेहमीच्या रेषा २१ आणि ३५: पहिलीपर्यंत घर 'हलाखीत', दोन्हींच्या मध्ये 'काठावर', दुसरीच्या वर खातंपितं. पण जिथे तेल-साखर रोज पोटात जाते तिथे २८ आणि ४२ लावायच्या. आपल्याकडे याच लागतात. वरचं २७ गुणांचं घर २१ च्या रेषेने 'काठावर' दिसतं, २८ च्या रेषेने 'हलाखीत'. या दोन्हींत 'हलाखीत' हेच खरं.

रेशनचं धान्य माणशी ५ किलो येतं, त्यामुळे मंदीतही भाकरीचे १४ गुण सहसा हलत नाहीत. आधी डाळ जाते, मग भाजी. म्हणून नुसत्या बेरजेवर न जाता डाळीचा रकाना वेगळा वाचा.

सोबत पाच प्रश्न हवेतच: हलक्या प्रतीचं खाल्लं का, उसनं आणलं का, ताटात कमी वाढलं का, पोरांसाठी मोठ्यांनी कमी खाल्लं का, एखादं जेवण टाळलं का. पोरांसाठी पोट मारण्याला वजन ३, उसन्याला २, बाकी तिघांना १. प्रत्येक वेळी 'पैसे किंवा धान्य नव्हतं म्हणून' हे शब्द म्हणायचे, नाहीतर सोमवारचा उपवासही उपासमारीत जमा होतो.

विचारायचं ते रांधणाऱ्या बाईला, एकटीला, चुलीपाशी. नवरा समोर असला की उसनवारी ती सांगत नाही. पुढच्या महिन्यात त्याच घरी पुन्हा जाल तेव्हा रेशन आणि पगाराचे दिवस बघून जा. पहिली फेरी पगाराच्या आदल्या दिवशी आणि दुसरी पगारानंतर झाली, तर नसलेली सुधारणा दिसेल.